फोटो तुमचा, हक्क साहेबांचे

स्टेशनबाहेर पुन्हा फ्लेक्स लागलाय. 'भव्य छायाचित्रण स्पर्धा व प्रदर्शन. विषय : माझं सुंदर घाटकोपर.' वर सात चेहरे, खाली कोपऱ्यात एक कॅमेरा. मी थांबून मोजले. सातातला सगळ्यात लहान चेहराही कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे.

१९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की हे सुरू होतं. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये दागेरच्या फोटोग्राफीची पद्धत जगासमोर ठेवली गेली, म्हणून हा दिवस. आपल्याकडेही ही कला उशिरा आली नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. म्हणजे छंद म्हणून फोटो काढणं, चार लोकांना दाखवणं, त्यावर वाद घालणं हे मुंबईला पावणेदोनशे वर्षांपासून माहीत आहे. त्या परंपरेचं आपण घाटकोपरात काय केलं, ते आज लिहायचंय. पोस्ट लांब आहे. रागाने लिहितोय, पण खोटं काही लिहीत नाही. आणि दोष फक्त दुसऱ्यांचा नाही, माझाही आहे.

गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. कोणत्या, ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिघे परीक्षक होतो : मी, एक निवृत्त चित्रकला शिक्षक आणि एक स्टुडिओवाले. दोनशेच्या आसपास फोटो आले होते. दोन संध्याकाळी बसून आम्ही ते पाहिले. तुम्हाला वाटेल तेवढे वाईट नव्हते. सूर्योदय, कबुतरं, देवीची मिरवणूक हे असतंच. पण मधूनच एखादा फोटो असा यायचा की बोलणं थांबायचं.

त्यातलाच एक भटवाडीतल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराचा. मोबाइलवर काढलेला. पहाटेची वेळ, गल्लीत अंधार, गटारावरून गेलेले पाच-सहा पाइप, निळा ड्रम, आणि ड्रमच्या तोंडाशी पाइप धरून बसलेली त्याची आई. उजेड फक्त तिच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलच्या टॉर्चचा. पाण्याची धार आणि तिचा चेहरा, एवढंच दिसतं. चित्रकलेच्या सरांनी चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हा शिकून येत नाही." तिघांनी एकमताने पहिला क्रमांक दिला. निकालपत्रावर सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. "सर, फोटो चांगलाच आहे हो. पण आपल्या साहेबांच्या वॉर्डातला आहे."

मी म्हटलं, घाटकोपरची स्पर्धा आहे, फोटो घाटकोपरचाच असणार.

"तसं नाही सर. पाणी येत नाही असा मेसेज जातो. विषय 'सुंदर घाटकोपर' आहे ना."

पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटते. 'सुवर्णमध्य' निघाला. त्या पोराला उत्तेजनार्थ बक्षीस द्यायचं, पण फोटो प्रदर्शनात लावायचा नाही. पहिला क्रमांक फ्लेमिंगोच्या फोटोला. मी दोन वेळा 'हे बरोबर नाही' म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. नवीन निकालपत्रावर सही केली. बक्षीस समारंभात शाल घेतली, नारळ घेतला, दोन मिनिटं 'फोटोग्राफी आणि समाज' यावर बोललोही. व्यासपीठाला नाव दिलं होतं 'साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे व्यासपीठ'. आपल्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून ज्या माणसाने लिहिलं, त्याच्या नावाच्या व्यासपीठावरून झोपडपट्टीतल्या पाण्याचा फोटो बाद झाला, आणि मी टाळ्या वाजवल्या.

त्या पोराची आई आली होती. चांगली साडी नेसून, शेजारणीला घेऊन. प्रत्येक बोर्डापुढे थांबत तिने सगळा हॉल फिरून पाहिला. शेवटी मलाच विचारलं, "दादा, नळाचा कुठं लावलाय?" मी म्हटलं, जागा कमी पडली असेल. पंचवीस वर्षं पत्रकारितेत आहे. एवढं सरळ खोटं मी कुणाच्या तोंडावर कधी बोललो नव्हतो.

आता त्या फ्लेमिंगोचं ऐका. समारंभानंतर विजेत्या काकांना, बँकेतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ, मी सहज विचारलं की फोटो खाडीच्या कुठल्या बाजूने घेतला? पूर्व द्रुतगती महामार्गापलीकडे खारफुटीत शिरायला आपल्या बाजूने वाट कुठे आहे? ते निरागसपणे म्हणाले, "छे छे, मी ऐरोलीहून बोटीत बसलो होतो. मला वाटलं चालतं." 'माझं सुंदर घाटकोपर'चं पहिलं पारितोषिक ऐरोलीच्या फोटोला! परीक्षक म्हणून आम्हीही विचारलं नव्हतं, आयोजकांनीही मूळ फाइल मागितली नव्हती.

घाटकोपरचा फ्लेमिंगोशी संबंध नाही असं नाही. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि तिसाहून जास्त पक्षी पंतनगर, लक्ष्मीनगर भागात मरून पडले. रस्त्यावर, गच्चीवर, झाडांखाली गुलाबी पिसं. तो आपला फ्लेमिंगो. पण तो 'सुंदर'मध्ये बसत नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तर त्या खाडीवर येणाऱ्या पक्ष्यांची वाट कुठून जाते, दिवे किती, विमानं किती, भराव किती, हे प्रश्न त्या मेलेल्या पक्ष्यांचा फोटो पाहूनच पडतात. बोटीतून टिपलेल्या गुलाबी थव्याकडे पाहून माणूस 'वा' म्हणतो आणि पुढच्या बोर्डाकडे जातो.

गंमत इथे संपत नाही. दोन महिन्यांनी तोच फ्लेमिंगो चौकात फ्लेक्सवर आला. साहेबांचा वाढदिवस. मागे थवा, पुढे हात जोडलेले साहेब. फोटो काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. काका बिचारे विचारायला गेले तर त्यांना सांगितलं, "फॉर्मवरचा नियम ७ वाचा." नियम ७ असा : 'सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे राहतील.' काकांनी फॉर्म ऑनलाइन भरला होता. खाली चौकट होती, 'मला सर्व नियम मान्य आहेत', त्यात टिक केली होती. संपला विषय.

संपला का? नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, आणि तो आयोजकांना वाटतो तेवढा आंधळा नाही. फोटो ही त्या कायद्यात कलाकृती आहे. ज्याने काढला तो तिचा पहिला मालक, कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, देणाऱ्याच्या सहीने. त्यात कोणता फोटो, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशात आणि बदल्यात काय, हे लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, 'कायमस्वरूपी' नाही. कलम १९ आहे, मराठीतही मिळतं, वाचा. आणि कलम ५७ तर आणखी पुढे जातं : हक्क विकले तरी 'हा फोटो माझा' हे सांगण्याचा अधिकार काढणाऱ्याकडेच राहतो. फोटोची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लागेल असं काही केलं तर त्यावर हरकत घेण्याचाही. शाळकरी मुलांच्या फॉर्मबद्दल तर बोलायलाच नको. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यापासून करारच धरत नाहीत. आठवीतल्या मुलीच्या रांगोळीच्या फोटोचे 'सर्व हक्क कायमस्वरूपी' घेणारे हे कोण?

मी वकील नाही. कोर्टात एका चौकटीतल्या टिकचं काय होईल ते वकील सांगतील. पण कायद्याचा रोख कुठे आहे ते शाळेतल्या पोरालाही कळेल : हक्क काढणाऱ्याचा, आणि घ्यायचा तर नीट विचारून घ्यायचा. प्रदर्शनाला आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीला फोटो वापरायची परवानगी पुरते. वाढदिवसाच्या फ्लेक्सला ती पुरत नाही.

आणि त्या फॉर्मात आणखी काय काय होतं? नाव, वय, पत्ता ठीक. व्हॉट्सअ‍ॅप नंबर ठीक. पण 'प्रभाग क्रमांक'? 'घरातील मतदारांची संख्या'? फोटो स्पर्धेला मतदारांची संख्या कशाला लागते हो? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हते, पण इच्छुक पायलीचे पन्नास होते. रांगोळी स्पर्धा, पैठणीचे खेळ, मॅरेथॉन, फोटो स्पर्धा. सगळ्यांचे फॉर्म पाहा, रकाने सारखेच. स्पर्धा नावाला, यादी कामाला. निवडणूक झाली तरी सवय गेलेली नाही.

यावर लोक मला काय म्हणतात ते माहीत आहे. "अरे, निदान कुणीतरी करतंय ना? हॉलचं भाडं कोण देतो? बक्षिसं कोण देतो? पैसे लावणारा चेहरा लावणारच." मान्य. चेहरा लावा. हव्या त्या आकाराचा लावा. नाही, खरं तर तेही मान्य नाही. आपण घाटकोपरवाले आहोत, मोठ्या फलकांचं कौतुक आपल्याला परवडणारं नाही. १३ मे २०२४ च्या वादळात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची होती. रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर उभं होतं. त्याच्या आकाराचा विक्रम म्हणून लिम्का बुकात नोंदही झाली होती. घाटकोपरमधलं सगळ्यात मोठं 'चित्र' ते होतं. महामार्गावरून जाताना आपण सगळ्यांनी ते रोज पाहिलं, मीही पाहिलं, बातमी मात्र पडल्यावर लिहिली. एखाद्या पोराने ते पडण्याआधी फोटो काढून स्पर्धेला पाठवला असता, पायथ्याशी पंपावर रांगेतल्या रिक्षा आणि वर आभाळ झाकणारा तो सांगाडा, तर आम्ही काय केलं असतं? 'मेसेज चुकीचा जातो' म्हणून बाजूला ठेवला असता. मला खात्री आहे, कारण पाण्याच्या ड्रमचं आम्ही तेच केलं.

पैसे देणाऱ्याने पैसे द्यावेत, नाव लावावं, दिवा लावावा, भाषण करावं. निवड करू नये. एवढंच मागणं आहे. क्रिकेटच्या सामन्याला चषक देणारा अंपायरला 'हा आपला माणूस आहे, आऊट देऊ नका' म्हणाला तर भटवाडीच्या मैदानावर पोरं स्टंप उपटतील. फोटोच्या बाबतीत आपण शाल घेतो.

'नकारात्मक' हा शब्द तर मला आता ऐकवत नाही. सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात गळ्यापर्यंत उतरलेली माणसं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, देशाने सन्मान केला. तेच फोटो आपल्या गल्लीतल्या स्पर्धेत आले असते तर उत्तेजनार्थ! सेबास्तियाव साल्गादोने १९९५ मध्ये चर्चगेट स्टेशनवरची गर्दी टिपली, जगभर गाजली. घाटकोपर स्टेशनवर मेट्रोच्या आणि रेल्वेच्या पुलावर सकाळी साडेआठला जी माणसांची लाट येते, ती टिपणारा पोरगा आपल्यातच असणार. त्याला कोण सांगणार की हाही विषय आहे?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल गरिबीचेच फोटो हवेत याला. तसं नाही. असल्फ्याच्या टेकडीवरची घरं २०१७-१८ च्या सुमारास रंगवली गेली. मेट्रोच्या खिडकीतून ती निळी-पिवळी-गुलाबी टेकडी दिसायला लागल्यावर कॅमेरे घेऊन झुंडी आल्या. चांगलं झालं, रंग कुणाला नको असतात? पण मग काय व्हायला लागलं? शनिवार-रविवारी कुणीही यावं, दारात उभं राहावं, कपडे धुणाऱ्या बाईचा न विचारता फोटो काढावा आणि निघून जावं. त्याच टेकड्यांच्या रांगेत, आझादनगरला, जुलै २००० मध्ये दरड कोसळून साठाहून अधिक माणसं गेली होती. पावसाळ्यात तिथली माणसं आजही वर बघत झोपतात. रंगाचा फोटो काढणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं असं नाही, पण दोन मिनिटं बोलला असता तर कळलं असतं. आपल्या स्पर्धांच्या नियमात 'फोटो जेपीजी स्वरूपात, ५ एमबीपेक्षा कमी' हे असतं. 'फोटोतल्या माणसाला विचारलं का?' हे नसतं. भटवाडीच्या पोराच्या फोटोत आई होती. तिला माहीत होतं, तिने हो म्हटलं होतं, ती बघायला आली होती. अशा फोटोला हॉलमध्ये जागा नाही, आणि न विचारता टिपलेल्या 'रंगीबेरंगी असल्फा'ला तिसरा क्रमांक.

लाइक्सवरून दिल्या जाणाऱ्या 'लोकप्रिय छायाचित्र' पारितोषिकाबद्दल एकच वाक्य : ज्याची सोसायटी मोठी त्याचा फोटो चांगला.

एआयचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्यात फक्त पोरांना दोष देऊन भागणार नाही. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनीच्या जागतिक स्पर्धेत एआयने बनवलेलं चित्र पाठवलं, बक्षीस जिंकलं आणि मग स्वतःच सांगून ते नाकारलं. पुढच्या वर्षी उलटं झालं. माइल्स अ‍ॅस्ट्रे नावाच्या छायाचित्रकाराने एआयच्या विभागात खराखुरा फोटो घुसवला, तोही जिंकला आणि खरं सांगितल्यावर बाद झाला. फोटो कशाचा होता माहीत आहे? मान आत वळवून बसलेल्या फ्लेमिंगोचा. तिकडचे परीक्षक फसतात तर आपण कोण? पण निदान अंतिम फेरीतल्या दहा-पंधरा जणांकडून मूळ फाइल मागवता येते, समोर बसवून 'कुठे उभा होतास, किती वाजले होते' विचारता येतं. ऐरोली तिथेच सापडली असती.

आता 'मग कसं करायचं ते सांगा' म्हणाल. सांगतो, अवघड नाही. प्रदर्शन एसी हॉलमध्ये कशाला? ज्यांचे फोटो आहेत ती माणसं गेटवरच्या वॉचमनला पाहून परत जातात. महापालिकेच्या शाळेचा व्हरांडा मागा, आठवडी सुट्टीला मिळू शकतो. रमाबाईनगर, कामराजनगर, पार्कसाइट, असल्फा, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन दिवस, दोऱ्या बांधून क्लिपांनी फोटो लावा. एका स्वागतकमानीच्या खर्चात बारा बाय अठराचे ढीगभर प्रिंट निघतात. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव, जागा, तारीख आणि दोन ओळी त्याच्याच शब्दांत. परीक्षकांनी निकाल देताना कारण लिहून भिंतीवर लावावं, म्हणजे रात्रीत बदलायला जड जातं. बक्षीस लहान ठेवा, पण सगळ्यांना प्रिंट घरी न्यायला द्या.

आणि एक विभाग जुन्या फोटोंचा ठेवाच. घाटकोपर १९५० मध्ये मुंबई महापालिकेत आलं, त्याआधी इथे घाटकोपर-किरोळची स्वतःची नगरपालिका होती. त्या काळातलं, नंतरच्या गिरण्या-कारखान्यांच्या पाळ्यांचं, पहिल्या पत्र्याच्या घरांचं, ११ जुलै १९९७ ला रमाबाईनगरात गोळीबार होऊन १० माणसं मारली गेली त्यानंतरच्या दिवसांचं घाटकोपर लोकांच्या ट्रंकांत आणि लग्नाच्या अल्बमांत पडून आहे. पुनर्विकासाला घर रिकामं करताना पहिलं काय फेकलं जातं? ओल लागलेला अल्बम. मी स्वतः पंतनगरात एका इमारतीखाली भंगारवाल्याच्या गाडीवर असे दोन अल्बम पाहिलेत. स्कॅन करून परत द्यायचं एवढं जरी एखाद्या मंडळाने केलं, तरी मी त्याच्या अध्यक्षाच्या चेहऱ्याचा फ्लेक्स स्वतः बांधायला येईन. लहान आकाराचा.

तो पाण्याचा फोटो मी नंतर स्वतःच्या पैशाने प्रिंट करून फ्रेम केला आणि भटवाडीला नेऊन दिला. आईने तो ड्रमच्या वरच्या भिंतीला लावलाय. जागा कमी पडली नव्हती, हे तिला मी तिथे बसून सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं तेव्हाच." पोरगा काही बोलला नाही. त्याने यंदा फॉर्म भरलेला नाही.

मला यंदाही परीक्षक म्हणून फोन आलाय. मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन अटी लिहून पाठवल्या : नियम ७ काढा, मतदारांचा रकाना काढा, आणि परीक्षकांची यादी सहीसकट त्याच रात्री जाहीर करा. निळी टिक मंगळवारी आली, उत्तर अजून नाही. आलं की इथेच टाकतो, जसंच्या तसं. ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांनी नियमांचं पान एकदा नीट वाचा आणि त्याचा फोटो मला पाठवा. कोणकोणत्या मंडळाच्या फॉर्मात नियम ७ आहे, ती यादी पुढच्या रविवारी करायचीय.